भ्यायचं कुणाला? ब्लीचला, की त्याच्या शेजारच्या बाटलीला?

कोरडा_फडका

घरात ब्लीच वापरण्यावरून दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते ब्लीच म्हणजे विष, घरात आणूच नये. दुसरा तट ते बाटलीतून थेट फरशीवर ओततो आणि डोळे चुरचुरायला लागले की आता खरी सफाई झाली असं समजतो. मला दोन्ही पटत नाही.

साधं घरगुती ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळलेलं सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ३ ते ८ टक्के. ते टिकावं म्हणून त्यात थोडा कॉस्टिक सोडा असतो. मोजून घेतलं, पाण्यात मिसळलं आणि एकटंच वापरलं, तर काम झाल्यावर त्याचं बरंचसं साधं मीठच होऊन जातं. घात होतो तो त्या जागी आधीपासून असलेल्या दुसऱ्या रसायनामुळे.

संडासाचं भांडं ही त्याची ठरलेली जागा. टॉयलेट क्लीनर मुद्दामच दाट केलेलं असतं, भांड्याला चिकटून राहावं म्हणून. फ्लश केला की खालचं पाणी नितळ दिसतं. पण वरच्या कडेच्या आतल्या वळचणीला, जिथून पाणी उतरतं त्या भोकांच्या मधल्या जागेत, त्याचा ओघळ तसाच चिकटलेला असतो आणि नंतर बराच वेळ थेंब थेंब गळत राहतो. त्याच जागी ब्लीच फिरवलं की आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र येतात आणि क्लोरीन वायू सुटतो. तोही नेमका तुम्ही ब्रश घेऊन भांड्यावर वाकलेले असताना.

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. ब्लीच कशात मिसळायचं नाही, आणि का? नेमकं माप किती? आणि घरात ब्लीच खरोखर लागतं तरी कुठे?

रेणूसूत्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नुसती यादी पाठ करून उपयोग नाही, कारण बाटल्यांवरची नावं बदलत राहतात. आत काय होतं ते कळलं की यादी आपली आपण करता येते.

पीएच म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप: ७ मध्यम, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. ब्लीचचा पीएच ११ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कलीयुक्त आहे. अल्कली असेपर्यंत क्लोरीन हायपोक्लोराइटच्या रूपात पाण्यात बांधलेलं राहतं. आम्ल पडलं की त्याचं आधी हायपोक्लोरस आम्ल होतं. पीएच आणखी उतरला की तेच ब्लीचमधल्या मिठातल्या क्लोराइडशी जुळून क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतं. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल, व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, नळावरचा क्षाराचा थर काढणारी द्रावणं, गंज काढणारी द्रावणं, सगळी इथे एकाच माळेचे मणी.

दुसरा गट अमोनियाचा. काही काच-क्लीनरमध्ये तो असतो. ब्लीचबरोबर त्यापासून क्लोरामाइन तयार होतात, आणि तीही वायूरूपात बाहेर येऊन डोळे, नाक, घसा जाळतात. लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे लघवी. तिच्यात युरिया असतो आणि शिळी झाली की अमोनियाही. म्हणून भिजलेल्या लंगोटांची बादली, मांजराचा मातीचा ट्रे, लघवी सांडलेली फरशी, यांवर तीव्र ब्लीच थेट ओतायचं नाही. आधी टिपून घ्यायचं, साबणपाण्याने धुवायचं, मग पातळ केलेलं ब्लीच.

तिसरा गट अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोनचा: सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर वगैरे. यांच्यापासून क्लोरोफॉर्म आणि त्याच्या भाऊबंदांसारखी संयुगं होतात. चौथं हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्याशी विषारी वायू होत नाही, पण ऑक्सिजन इतक्या जोरात सुटतो की द्रावण फसफसून उडतं, आणि बाटलीचं झाकण बंद असेल तर बाटली फुटू शकते. शिवाय दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. शेवटी उरतं ते जवळजवळ खारट पाणी.

उघडी_खिडकी

+१. यात एक भर घालते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो खाली बसतो. उभ्या माणसाला हलकासा वास येत असतो तेव्हा रांगणारं मूल आणि जमिनीलगत नाक असलेला कुत्रा त्याहून जास्त श्वासात घेत असतात. बाथरूमला उंबरठा असेल तर तो आत कोंडून राहतो. वरची झडप उघडी आहे यावर विसंबू नका, दारही उघडं ठेवा.

वाहतं_पाणी

रेणूसूत्र, एक शंका. जंतू मारायचं काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्लच करतं, असं वाचलंय. मग ब्लीच पातळ केल्यावर त्यात थोडं व्हिनेगर घातलं तर ताकद वाढणार नाही का?

रेणूसूत्र

@वाहतं_पाणी, वाचलंय ते खरं आहे. हायपोक्लोराइटच्या तुलनेत हायपोक्लोरस आम्ल जंतूंवर कितीतरी पटीने प्रभावी ठरतं. पण घरी तो पीएच साधणं शक्य नाही. साडेसातच्या आसपास ही दोन्ही रूपं निम्मी निम्मी असतात. तिथून थोडं घसरलं तर ठीक, पण आणखी घसरलं की वायू सुटू लागतो. ब्लीचमध्ये कॉस्टिक किती शिल्लक आहे हे बाटलीगणिक बदलतं, त्यामुळे "इतके चमचे व्हिनेगर" असं माप कुणालाच देता येणार नाही. हे काम पीएच-मापक आणि वायू ओढून घेणारं कपाट असलेल्या प्रयोगशाळेचं.

आणि त्याची गरजही नाही. पातळ करताना पीएच थोडा उतरतोच. साध्या पाण्यातलं ०.१ टक्क्याचं द्रावण दहा मिनिटं ओलं राहिलं तर घरातल्या बहुतेक जंतूंना पुरतं. जास्त खात्री हवी असेल तर वेळ वाढवा. आम्लाच्या वाटेला जाऊ नका.

वाहतं_पाणी

पटलं. व्हिनेगर रद्द.

मापटं

आता दुसरा प्रश्न, माप. "एक झाकण" हे माप नव्हे. झाकणं लहानमोठी असतात आणि बाटलीतले टक्केही वेगळे. सूत्र सोपं आहे: बाटलीवरचे टक्के भागिले हवे असलेले टक्के, वजा एक. जे उत्तर येईल तितके भाग पाणी, एक भाग ब्लीचला.

रोजच्या निर्जंतुकीकरणाला ०.१ टक्का पुरतो, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग). बाटली ५ टक्क्यांची असेल तर ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा एक ४९. एका लिटरसाठी २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी, दहा लिटरच्या बादलीला २०० मिली. बाटली ४ टक्क्यांची असेल तर लिटरला २५ मिली, ८ टक्क्यांची असेल तर साडेबारा मिली. रक्त, उलटी, जुलाब अशी घाण असेल तर ती आधी उचलून जागा धुऊन घ्यायची आणि मग ०.५ टक्का लावायचा: ५ टक्क्यांच्या बाटलीतून १०० मिली, पाणी ९०० मिली. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागांना ०.०२ टक्का भरपूर झाला, लिटरला ४ मिली.

चहाचा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं खुणा केलेलं प्लॅस्टिकचं मापटं यासाठी उत्तम. पण एकदा ते ब्लीचला वापरलं की त्यावर मार्करने मोठी फुली मारायची. परत औषधासाठी वापरायचं नाही.

आधी पाणी, मग ब्लीच. उलट केलं तर तीव्र ब्लीचवर पाण्याची धार पडून शिंतोडे उडतात, आणि ते नेमके डोळ्यांच्या उंचीला येतात.

थेंबे_थेंबे

लेबलवर टक्केच दिलेले नसतील तर?

मापटं

तर ते जंतुनाशक म्हणून वापरू नका, पांढऱ्या कपड्यांना ठेवा. काही दाट, "शिंतोडे न उडणारी" ब्लीच मिळतात. त्यांत हायपोक्लोराइट कमी असू शकतं आणि लेबलवर जंतुनाशक असल्याचा उल्लेखही नसतो. त्यांवर मापाचं गणित चालत नाही.

जुनी_बाटली

गणितात एक गृहीतक आहे, ते उघड करायला हवं. लेबलवरचे टक्के बाटली भरली त्या दिवसाचे असतात. हायपोक्लोराइट बसल्या जागी झिजतं. एक वाट मीठ आणि ऑक्सिजनची, दुसरी मीठ आणि क्लोरेटची. उष्णता वाढली की झिजण्याचा वेग झपाट्याने वाढतो: तापमान १० अंशांनी चढलं की साधारण तीन-चार पट. उजेडाने झिजतं, म्हणून बाटली अपारदर्शक. तांबं, निकेल, कोबाल्ट यांचे अंश पडले तरी झिजतं, म्हणून धातूच्या चमच्याने ढवळायचं नाही.

हिशेब असा ठेवा: भरल्याच्या तारखेपासून वर्षाच्या आत, उघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत संपवायचं. पातळ केलेलं द्रावण मात्र त्याच दिवशी. २४ तासांनंतर त्याच्यावर भरवसा नाही.

झाकणाबद्दलही एक सांगते. ऑक्सिजन हळूहळू सुटत असल्यामुळे काही बाटल्यांच्या झाकणात तो बाहेर पडायला सोय केलेली असते. गळती समजून त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नका. बाटली फुगते.

पांढरा_सुती

कपड्यांबद्दल. लोकर, रेशीम, नायलॉन आणि ताणलं जाणारं इलॅस्टिकचं कापड यांना क्लोरीन ब्लीच अजिबात नको. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत, ती पिवळी पडतात आणि विरतात. पांढरा सुती कपडा सोसतो, पण तोही पातळ द्रावणातच. पाणी न घातलेल्या ब्लीचचा थेंब पडलेल्या जागी लगेच काही दिसत नाही, मात्र धागा तिथे कमजोर होतो आणि दोन-चार धुण्यांनंतर तिथेच भोक पडतं.

रंगीत कपडा टिकेल का, हे पाहण्याची रीत: चार टेबलचमचे पाण्यात दोन चहाचे चमचे ब्लीच घ्यायचं. कपडा उलटा करून आतल्या शिवणीच्या दुमडीवर एक थेंब सोडायचा, मिनिटभर थांबायचं, पांढऱ्या कापडाने टिपायचं. टिपणाऱ्या कापडावर रंग उतरला किंवा शिवणीवर फिका गोल उमटला, तर तो कपडा ब्लीचचा नाही.

गंजाच्या डागावर ब्लीच घालू नका. ते लोखंडाचं ऑक्सिडीकरण आणखी पुढे नेतं आणि डाग पक्का बसतो.

वाहतं_पाणी

आणि धुऊन झाल्यावर कपड्यातला ब्लीचचा वास जायला काय करायचं? व्हिनेगर म्हणणार नाही, शिकलो आता.

पांढरा_सुती

दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून काढा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. नाहीच गेला तर सोडियम थायोसल्फेटचे चिमूटभर खडे बादलीभर पाण्यात विरघळवा. माशांच्या टाकीतलं क्लोरीन घालवायला हेच वापरतात.

गंजरोधक

धातूंबद्दल कुणी बोललेलं नाही. स्टेनलेस स्टील "स्टेनलेस" आहे ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. हायपोक्लोराइट आणि त्यातलं क्लोराइड तो थर ठिकठिकाणी फोडतं. सिंकमध्ये ब्लीच रात्रभर ठेवलं तर सकाळी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. घासून त्यांचा रंग जातो, पण बोट फिरवलं की खड्डे हाताला लागतात. ते भरून येत नाहीत. स्टीलला द्रावण लागलंच तर दहा मिनिटांत साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. अ‍ॅल्युमिनियमला तर क्लोरीनच्या आधी त्यातला कॉस्टिकच खातो.

फवारणीच्या बाटलीच्या डोक्यात बारीक धातूची स्प्रिंग असते. ब्लीच भरून ठेवलं की ती गंजते, झडप अडकते आणि धार वाकडीतिकडी उडते. फ्लशच्या टाकीतही ब्लीच घालू नका, आतलं रबरी झाकण कडक होतं आणि पाणी गळत राहतं.

उघडी_खिडकी

फवारणीचा विषय निघालाच आहे तर जोर देऊन सांगते: ब्लीच फवारू नका. बारीक तुषार थेट फुफ्फुसात जातात. दम्याच्या माणसाला हे जास्त बाधतं, आणि नसलेल्यालाही रोज केलं तर त्रास होऊ शकतो. द्रावण बादलीत घ्या, फडका बुडवून पिळा आणि पुसा. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं स्पष्ट सांगितलं होतं, तेव्हा माणसांवर फवारण्याचा तर प्रश्नच नाही.

कापडी मास्क क्लोरीन अडवत नाही. तो लावलाय म्हणून थोडा वेळ आणखी घासू, असं करू नका.

ओली_भिंत

बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी आहे. ब्लीच लावलं की नाहीशी होते आणि महिन्याभरात त्याच जागी परत येते. माप ०.१ टक्काच धरायचं का?

सांधा_आणि_फट

@ओली_भिंत, माप वाढवून उपयोग नाही. गुळगुळीत टाइलवर ब्लीच चालतं, कारण बुरशी वरच्या वरच असते. रंगवलेली भिंत, लाकूड, जिप्समचा बोर्ड सच्छिद्र आहेत. द्रावणातलं पाणी आत झिरपतं, हायपोक्लोराइट मात्र वरच्या वरच सामग्रीशी झटापट करून संपतं. रंग उडतो म्हणून वाटतं बुरशी मेली. खरं तर तिचे तंतू आत जिवंत आहेत आणि तुम्ही त्यांना पाणी पाजलंय.

आधी ओल कुठून येते ते शोधा. सांध्यातली फट, मागची गळकी नळी, किंवा वाफ बाहेर न जाणं. ओल थांबली, भिंत कोरडी झाली, मग साबणपाण्याने घासून पुसा. टाइलमधल्या सिमेंटच्या फटींत ०.५ टक्क्याचं द्रावण जुन्या टूथब्रशने लावून दहा मिनिटांनी धुवा. फट भुसभुशीत झाली असेल तर ती खरवडून नव्याने भरणं हाच उपाय.

आणि बुरशी काढणारे तयार फवारे घ्याल तर लेबल वाचा. त्यांतल्या कित्येकांत हायपोक्लोराइटच असतं, फक्त नावात ब्लीच नसतं.

कोरडा_फडका

हे फार महत्त्वाचं निघालं. नावात ब्लीच नाही पण आत आहे, अशा आणखी कोणत्या बाटल्या?

रेणूसूत्र

तुंबलेली मोरी मोकळी करणारे काही जेल, काही घासायच्या क्रीम, यंत्रात भांडी धुण्याच्या काही पावडरी. लेबलवर "हायपोक्लोराइट", "क्लोरीनयुक्त" किंवा "डायक्लोरोआयसोसायन्यूरेट" दिसलं की ते ब्लीचच समजा. उलट बाजूने "हायड्रोक्लोरिक", "सायट्रिक", "फॉस्फोरिक", "सल्फॅमिक" यांतलं काहीही दिसलं की ते आम्ल. ही दोन टोकं एकाच दिवशी एकाच जागी नकोत. क्षाराचा थर आधी काढायचा असेल तर आज आम्ल, भरपूर पाणी, आणि ब्लीच उद्या.

ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारं सोडियम परकार्बोनेट वेगळं आहे. पाण्यात त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रंगीत कपड्यांना ते चांगलं, पण क्लोरीन ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. दोन ब्लीच एकत्र केली म्हणून दुप्पट सफाई होत नाही.

इतिहासाचं_पान

थोडं विषयांतर. क्लोरीन वेगळा करून पाहिला तो शेले या रसायनज्ञाने १७७४ मध्ये. त्याच्या रंग उडवण्याच्या गुणाचा उपयोग कापडासाठी करून घेतला फ्रेंच रसायनज्ञ बर्थोले याने, पॅरिसजवळच्या जावेल गावातल्या कारखान्यात. म्हणूनच फ्रेंच लोक आजही ब्लीचला "जावेलचं पाणी" म्हणतात. १७९९ मध्ये स्कॉटिश रसायनज्ञ टेनंट याने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. जंतुनाशक म्हणून त्याचं मोल दाखवलं ते डॉक्टर सेमेलवाइस यांनी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात त्यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतू रोग घडवतात हे सर्वमान्य व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे.

थेंबे_थेंबे

सुंदर माहिती. पण म्हणून आज त्यात हात बुडवायचे नाहीत, बरोबर ना?

प्रथमोपचार_पेटी

बरोबर. हातांना साबण आणि पाणी. ब्लीच बोटांना लागल्यावर जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो त्यातल्या कॉस्टिकमुळे. कातडीवरच्या तेलाचा साबण होत असतो. बुळबुळ जाईपर्यंत धुवायचं. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, आणि तीव्र ब्लीच ओतताना डोळ्यांवर गॉगल.

अपघात झालाच तर काय करायचं, ते इथेच लिहून ठेवतो.

डोळ्यात गेलं: लगेच वाहतं पाणी, पापण्या उघड्या धरून, पूर्ण १५ ते २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटंही वीस वाटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धूत असतानाच काढा. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कातडीवर सांडलं: भिजलेले कपडे उतरवा, १५ मिनिटं पाणी.

पोटात गेलं: उलटी करवायची नाही, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. लिंबू किंवा व्हिनेगर देऊन "उतारा" करायचा नाही. आम्ल आणि ब्लीच पोटात भेटले तरी व्हायचं ते होतंच. चूळ भरायला लावा, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर दोन-चार घोट पाणी द्या, आणि बाटली हातात घेऊन विषबाधा मदत केंद्राला किंवा दवाखान्यात फोन करा. टक्के विचारतील, ते बाटलीवर असतात.

वायू छातीत गेला: आधी बाहेर पडा. बादली सावरायला, भांडं फ्लश करायला थांबू नका. मोकळ्या हवेत बसवा. खोकला थांबला तरी निर्धास्त होऊ नका. फुफ्फुसांना सूज काही तासांनंतरही चढू शकते. दम लागणं, छाती भरून येणं, श्वासात घरघर, यांतलं काही असेल तर तडक दवाखाना.

मऊ_पंजे

प्राण्यांचं एक. काही मांजरं ब्लीचच्या वासाकडे ओढली जातात, पुसलेल्या फरशीवर लोळतात आणि मग अंग चाटतात. फरशी पूर्ण वाळेपर्यंत दार बंद. ०.१ टक्का लावून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घेतलं की सगळ्यांनाच बरं.

ओली_भिंत

माझ्याकडे द्रव ब्लीच नाही, ब्लीचिंग पावडर आहे. तिचं माप?

मापटं

पावडरीच्या डब्यावर उपलब्ध क्लोरीनचे टक्के बघा, साधारण २५ ते ३५ असतात. ३३ टक्के असतील तर ०.१ टक्क्याच्या द्रावणाला लिटरमागे ३ ग्रॅम, ०.५ टक्क्याला १५ ग्रॅम. २५ टक्के असतील तर ४ आणि २० ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, चमच्याने फसगत होते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यावर पावडर भुरभुरवा, लाकडी काठीने ढवळा, चुन्याचा साका खाली बसू द्या आणि वरची निवळी वापरा. साका फरशीवर गेला तर पांढरे चट्टे उठतात.

डबा कोरड्या जागी, घट्ट झाकण लावून. ओल, तेल, रॉकेल, लाकडाचा भुसा यांच्याजवळ नको. ती तापून पेट घेऊ शकते. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या दुसऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांशी तर कधीच मिसळू नका. ते मिश्रण भडकतं.

घासून_पुसून

सगळं वाचलं. मूळ तिसऱ्या प्रश्नावर माझं मत: रोजच्या घरात ब्लीच लागतच नाही. साबण आणि पाणी घाण उचलतं, घाणीबरोबर जंतू जातात. आणि घाण असेल तिथे ब्लीच निकामी होतं, कारण ते जंतूंपर्यंत पोचायच्या आधी तेल, कफ, अन्नाचे कण यांच्यावरच खर्च होतं. तो "स्वच्छतेचा" उग्र वास आहे ना, त्यात क्लोरामाइनचा मोठा हात असतो, म्हणजे क्लोरीन घाणीशी भिडल्याचा वास. तो जितका जास्त, तितकी आधीची घासणी कमी पडली असं समजा.

उघडी_खिडकी

बव्हंशी सहमत, पण "लागतच नाही" याला माझा विरोध आहे. घरात कुणाला नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब सुरू झाले की साबण पुरत नाही. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्या विषाणूवर कमी पडतं आणि बरीच सौम्य जंतुनाशकंही. तिथे ब्लीचच. ०.१ ते ०.५ टक्का, निदान पाच मिनिटं ओलं. संडासाचं बैठं, फ्लशची कळ, नळ, दाराची मूठ, आजाऱ्याची बादली. रक्त सांडलं तेव्हाही. आणि पूर आल्यावर घरात शिरलेल्या सांडपाण्यानंतर, गाळ पूर्ण धुऊन झाल्यावर.

घासून_पुसून

मान्य. माझं वाक्य बदलतो: आजारपण, रक्त आणि सांडपाणी एवढ्यासाठी ब्लीच, रोजच्या फरशीला साबण.

थेंबे_थेंबे

भाजीपाला ब्लीचच्या पाण्यात बुडवावा का?

मापटं

नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कापायच्या प्लॅस्टिकच्या फळीला मात्र आधी साबणाने घासून ०.०२ टक्क्याचं द्रावण दोन मिनिटं, मग तशीच उभी करून वाळवा.

कोरडा_फडका

तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, मनापासून आभार. एक व्यावहारिक शंका राहिली. दहा लिटर द्रावण केलं, चार लिटर लागलं. उरलेलं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवणं नको हे कळतंय, कुणीतरी पिऊन बसेल. मग ते संडासात ओतून द्यायचं का?

सांधा_आणि_फट

पहिल्यांदा दोनच लिटर करा, लागलं तर आणखी. उरलंच तर संडासात नको. तुम्हीच वर लिहिलंय, कडेच्या वळचणीला क्लीनर गळत असतं. बेसिनमध्ये नळ चालू ठेवून हळूहळू सोडा. मोरी मोकळी करणारं काही त्या दिवशी त्यात टाकलेलं नाही ना, एवढं घरातल्या सगळ्यांना आधी विचारून घ्या.